अंगणांतला लखलखता गोळा



हल्लीं शहरांतील बंगल्यांच्या बागांत, गच्चीवरील कुंड्यांच्या रांगेंत, क्वचित् दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतहि आरशासारखे लखलखणारे धातूचे गोळे मांडलेले आपण पाहिले असतील. कोणी लिंबाएवढे आणतो, कोणी कलिंगडाएवढे. या गोळ्यांविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, आणि सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. माझें घर पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक येथें आहे. विनोबाजी भावे यांचा जन्म १८९५ सालीं झाला, तो याच गांवीं. अपरिग्रहाचा धडा जगाला देणाऱ्या पुरुषाच्या जन्मगांवाहून कोणी शोभेच्या वस्तूवर व्याख्यान द्यावें, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. परंतु वस्तु शोभेची असली तरी तिच्यांतून कांहीं शिकतां येत असेल, तर तें कां टाकावें?

पहिली गोष्ट अशी कीं, ही कल्पना आपल्याला नवी नाहीं. चिंच व राख लावून घांसलेली तांब्याची घागर उन्हांत ठेवली, म्हणजे तिच्या पोटावर सारें अंगण उमटलेलें दिसतें. माझ्या वर्गांत बहिर्गोल आरसा कधींच नव्हता. मी घरून घांसलेला तांब्या नेत असें व मुलांना त्यांत आपापलीं तोंडें पाहावयास सांगत असें. नाक भोपळ्याएवढें आणि कान पार मागें गेलेले पाहून वर्गांत एकच हंशा पिके, पण तो हंशा ओसरला कीं मुलें आपण होऊन विचारीत, "गुरुजी, असें कां होतें?" शिक्षकाला याहून अधिक काय हवें!

तर असें कां होतें? सपाट आरशावर पडलेले किरण ज्या क्रमानें येतात त्याच क्रमानें परततात; म्हणून त्यांत माणूस जेवढा असतो तेवढाच दिसतो. गोळ्याची पाठ सर्व बाजूंनीं वांकलेली असते. त्यामुळें तिच्यावर पडलेले किरण फांकून जातात, आणि ते जणूं गोळ्याच्या आंतूनच एका बिंदूपासून निघाले आहेत असा डोळ्यांस भास होतो. अतिदूरच्या वस्तूंची प्रतिमा पृष्ठभागाच्या आंत, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर पडते. एक हिशेब करून पाहूं. गोळा ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे असें धरूं. त्याची त्रिज्या १५ व तिचें अर्ध साडेसात सेंटिमीटर. म्हणजे समोरचा डोंगर, आभाळ, आंब्याचें झाड, हें सारें विश्व त्या साडेसात सेंटिमीटरांत मावतें. गोळ्यापासून दोन मीटरांवर उभ्या असलेल्या साडेपांच फूट उंचीच्या मनुष्याची प्रतिमा जेमतेम सहा सेंटिमीटर भरते. गोळ्याच्या अगदीं पाठीमागें दडलेला थोडासा भाग सोडला, तर चोहोंकडचें सर्व कांहीं त्यांत दिसतें. घाटांतील आंधळ्या वळणावर बसविलेले आरसे व मोटारींच्या बाजूचे आरसे याच कारणानें बहिर्गोल करतात.

आमच्या शेजारच्या काकूंनीं एकदां विचारलें, "मास्तर, या गोळ्यानें उन्हाळ्यांत गवत पेटणार नाहीं ना?" प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याचें उत्तर असें कीं, बाहेरून चकाकणारा गोळा ऊन गोळा करीत नाहीं, तो तें उधळतो. म्हणून त्याच्यापासून आग लागण्याचें भय नाहीं. भरीव, पारदर्शक कांचेच्या गोळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तो ऊन एका बिंदूवर आणतो. याच गुणाचा उपयोग करून जॉन कॅम्बेल यांनीं १८५३ सालीं सूर्यप्रकाश मोजण्याचें यंत्र केलें व १८७९ सालीं स्टोक्स यांनीं त्यांत सुधारणा केली. त्या यंत्रांतील कांचेचा गोळा जाड कागदाच्या पट्टीवर जळकी रेघ ओढतो, आणि त्या रेघेच्या लांबीवरून त्या दिवशीं ऊन किती तास पडलें तें कळतें. तसेंच, आंतून चकचकीत असलेली परात किंवा अर्धगोल वाडगा हाहि ऊन एकवटतो. म्हणून असलीं भांडीं वाळल्या गवताजवळ उन्हांत उघडीं ठेवूं नयेत. आंतल्या व बाहेरच्या बाजूंचा हा भेद पाहावयाचा असेल तर घरांतली चकचकीत पळी घ्या. तिच्या बाहेरच्या अंगांत तोंड सुलटें दिसतें, आंतल्या अंगांत उलटें.

आतां या गोळ्यांचा थोडा इतिहास. युरोपांत असे गोळे प्रथम कांचेचे होत. फुंकून केलेल्या पोकळ कांचेच्या आंतल्या बाजूस चकाकता लेप देत. १८३५ सालीं लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, चांदीच्या क्षारापासून कांचेवर चांदीचा पातळ थर बसवितां येतो. पुढें जर्मनींतील लाउशा गांवच्या कांचकारांनीं असे रुपेरी गोळे घरोघर पोंचविले. आपल्याकडेहि जुन्या वाड्यांतून आणि मंगेशी-कवळें येथील देवालयांतून कांचेच्या हंड्या-झुंबरांची हौस दिसते, ती याच जातीची. परंतु कांच अंगणांत टिकावयाची नाहीं. एक नारळ पडला कीं सारें संपलें! १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं न गंजणारें पोलाद तयार केलें, आणि तेव्हांपासून धातूच्या गोळ्याचा मार्ग मोकळा झाला.

पोलादी गोळा घडवितात तो असा. पत्र्याच्या दोन चकत्या दाबून दोन अर्धगोल करतात, ते कडेला कडा लावून जोडतात, सांधा घांसून सपाट करतात, आणि मग अधिकाधिक बारीक भुकटीनें व शेवटीं कापडी चाकानें झिलई देतात. चांदी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं ९५ टक्क्यांहून अधिक परत देते; पोलाद सुमारें ६० टक्के. म्हणून पोलादी गोळ्यांतलें चित्र किंचित् सांवळें भासतें. गोळा आंतून पोकळ असतो. पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ३० सेंटिमीटरांचा गोळा जेमतेम पावणेदोन किलो भरतो, पण त्याच्या पोटांत १४ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. म्हणून तो हौदांत खुशाल तरंगतो, आणि वाऱ्यानें हलूं लागला कीं आभाळहि हलवितो.

मुंबईंत १९५४ सालीं जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनीं याच धातूला जगभर मान मिळवून दिला. शिकागो शहरांतील त्यांचें 'क्लाउड गेट' हें शिल्प १६८ पोलादी पत्रे जोडून केलें असून तें २००६ सालीं पूर्ण झालें. २००९ सालीं त्यांनीं ७३ लखलखते गोळे एकावर एक रचून एक उंच झाडच उभें केलें.

एवढें ऐकून कोणास गोळा घ्यावासा वाटेल. त्यांच्यासाठीं माझा अनुभव सांगतों. माझ्या मुलानें तीन वर्षांपूर्वीं शहरांतून एक गोळा आणला. तो स्वस्त होता, म्हणून सगळ्यांनाच आवडला. कोंकणांतला पाऊस, सुमारें तीन हजार मिलिमीटरांचा! पहिल्याच श्रावणांत सांध्यावर तांबूस रेघ उमटली, आणि दिवाळीपर्यंत गोळ्याला देवी आल्यासारखे व्रण पडले. मग चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. न गंजणाऱ्या पोलादांत निदान साडेदहा टक्के क्रोमियम असावें लागतें. त्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा धातूचें रक्षण करतो. मात्र सर्व पोलादें सारखीं नसतात. ३०४ या जातींत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. ती देशावर पुरते. समुद्राच्या व खाडीच्या खाऱ्या वाऱ्यांत ३१६ ही जात बरी, कारण तिच्यांत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतें. लोहचुंबक लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर पोलाद बहुधा हलक्या जातीचें समजावें. मात्र दाबून घडविल्यानें चांगल्या पोलादालाहि तो थोडासा ओढतो, म्हणून ही परीक्षा अखेरची मानूं नये. आणखी एक. घागरीप्रमाणें गोळ्याला राख किंवा तारेची घांसणी कधींहि लावूं नये. तारेचे लोखंडी कण पृष्ठभागांत अडकतात, आणि तेच पुढें गंजतात. गोडें पाणी व मऊ फडकें पुरे.

दुसरा गोळा चांगला आणला व तुळशीवृंदावनाशेजारीं ठेवला. चैत्रांत परसांतल्या आंब्याच्या ढोलींत दयाळ पक्ष्याच्या जोडीनें घरटें केलें. एके सकाळीं नर गोळ्यावर झेपावला. त्यांत त्याला दुसरा दयाळ दिसे, आणि आपल्या हद्दींत शिरलेल्या या शत्रूला हांकलल्याखेरीज त्याला चैन पडेना. शत्रु हटेना, कसा हटावा? चार दिवस तो चोंचा मारीत राहिला. घरट्यांतलीं पिलें भुकेनें ओरडत, आणि मादी एकटीच किडे आणी. पांचव्या दिवशीं तो गोळ्याखालीं पंख टाकून धापा टाकीत बसलेला मीं पाहिला, तेव्हां मला माझीच लाज वाटली. ज्या वस्तूचें मर्म मी तीस वर्षें मुलांना समजावीत आलों, ती मुक्या जीवाला काय दाखवील याचा विचार मीं केला नव्हता! मीं धांवत जाऊन पंचा आणला व गोळा झांकून टाकला. दुपारपर्यंत नर पुन्हा चोंचींत किडा घेऊन ढोलीकडे जातांना दिसला. तेव्हांपासून फाल्गुन ते आषाढ आमचा गोळा कापडाखालीं असतो. आपणहि तसेंच करावें. शिंजीर पक्षीहि या फसवणुकीला बळी पडतो.

पंचा निघतो तो श्रावणाच्या तोंडीं. त्या दिवशीं माझा नातू व नात गोळ्याच्या दोन बाजूंना उभीं राहून हटकून भांडतात. तो म्हणतो, "मध्यें मी आहे", ती म्हणते, "खोटें, मध्यें मीच आहे." दोघांचेंहि खरें असतें. जी दृष्टि गोळ्याच्या मध्यबिंदूच्या रोखानें जाते, ती त्याच रेषेनें परत येते. म्हणून पाहणारा कोठेंहि उभा राहिला तरी स्वतःला मध्येंच दिसतो. मीं त्यांना एवढेंच सांगतों कीं, जागा बदलून एकदां पाहा. तीं बदलतात, क्षणभर गप्प होतात, आणि मग हंसूं लागतात.