परभाषेचा उच्चार : आधी कान, मग जीभ

नोकरीनिमित्त महाराष्ट्रात आलेली एखादी हिंदीभाषक व्यक्ती ‘वेळ’ हा शब्द ‘वेल’ असा उच्चारते, तेव्हा तिची जीभ वळत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा अडचण जिभेच्या आधी कानाशी असते. प्रमाण हिंदीत ‘ळ’ हा स्वतंत्र ध्वनी नाही. त्यामुळे तो तिला ‘ल’सारखाच ऐकू येतो. इंग्रजी शिकताना मराठी माणसाची हीच गत होते. ‘पश्चिम’ व ‘बनियन’ या अर्थांचे दोन भिन्न इंग्रजी शब्द तो ‘वेस्ट’ असेच ऐकतो आणि लिहितो. पहिल्यात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात; मराठीच्या एकाच ‘व’मध्ये हा भेद लोपतो.

जन्मतः कान असे बांधलेले नसतात. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ यांतील फरक जाणवतो. दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास ही क्षमता बरीच ओसरते. ज्या भेदाने स्वभाषेत अर्थ बदलत नाही, त्याकडे कान दुर्लक्ष करू लागतात. मातृभाषा आत्मसात करण्यास हे उपकारकच ठरते. प्रौढपणी परभाषा शिकताना मात्र तीच सवय आड येते.

तथापि ही सवय अटळ नव्हे. इंग्रजीतील ‘र’ व ‘ल’ वेगळे ओळखणे जपानी प्रौढांना बहुधा कठीण जाते. अशा शब्दांच्या जोड्या अनेक वक्त्यांच्या आवाजांत ऐकवून, उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ सांगितल्यास त्यांची ओळख सुधारते, असे १९९१ साली अमेरिकेतील संशोधनात आढळले. १९९७ च्या अभ्यासात तर केवळ श्रवणाच्या सरावाने उच्चारही सुधारल्याचे दिसून आले.

प्रौढांना मराठी शिकविणाऱ्यांनी यातून बोध घेणे अगत्याचे आहे. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ अशा जोड्या निरनिराळ्या व्यक्तींच्या आवाजांत ऐकवाव्यात, कोणता शब्द ऐकला ते विचारावे आणि चूक लगेच दाखवावी. उच्चाराचा आग्रह त्यानंतर धरावा. शिकणाऱ्याला हसल्याने तो बोलणेच सोडतो. त्याला न ऐकू येणारा ध्वनी त्यामुळे ऐकू येऊ लागत नाही.