तीन तासांच्या प्रवासासाठी बिझनेस क्लास : स्वस्त तिकीट कधी मिळतं आणि ते घ्यावं का?

मुंबईहून दुबईला विमानानं साधारण तीन तास लागतात. पुण्याहून मुंबई विमानतळ गाठायलाच कधी कधी याहून जास्त वेळ जातो. मग एवढ्याशा प्रवासाला बिझनेस क्लासचं तिकीट काढायचं ते कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल.

पण समजा, मुलगा दुबईत नोकरीला आहे. आई-बाबा सत्तरीला आलेत, गुडघे दुखतात आणि ते पहिल्यांदाच परदेशात निघालेत. मुलगा मोबाईलवर भाडं बघतो, तर इकॉनॉमीच्या दुप्पट-तिप्पट आकडा समोर येतो. दोन दिवसांनी पुन्हा बघतो, तर त्याच सीटचा भाव बदललेला असतो.

हा भाव ठरतो तरी कसा? आणि तो कमी असताना तिकीट कसं मिळवायचं?

एकच सीट, भाव मात्र अनेक

बिझनेस क्लासचं भाडं अंतरावरून ठरत नाही. त्या दिवशी, त्या वेळेला, त्या विमानात कोण बसणार आहे, याचा अंदाज कंपनी बांधते आणि त्यावरून भाव ठरवते.

ऑफिसच्या कामानं जाणाऱ्या माणसाचं तिकीट बहुतेक वेळा त्याची कंपनी काढते. त्याला मीटिंगची वेळ गाठायची असते, त्यामुळे महाग तिकीटही चालतं. घरचा माणूस मात्र स्वतःच्या खिशातून पैसे देतो. भाडं जास्त वाटलं तर तो तारीख बदलतो नाहीतर इकॉनॉमीनं जातो. या दोघांना वेगवेगळा भाव लावण्याच्या गणिताला 'यील्ड मॅनेजमेंट' म्हणतात. अमेरिकन एअरलाइन्सनं 1980 च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि आज जवळपास सगळ्याच कंपन्या ते वापरतात.

त्यासाठी बिझनेस क्लासच्या सीट वेगवेगळ्या भाडेगटांत विभागलेल्या असतात. तिकिटावर जे, सी, डी, झेड अशी जी इंग्रजी अक्षरं दिसतात, ती याच गटांची. सीट तीच, जेवणही तेच. स्वस्त गटातल्या सीट संपल्या की पुढचा महाग गट उघडतो.

मग स्वस्त सीट कधी सापडते?

सूटबूटवालं गिऱ्हाईक ज्या वेळेला उडत नाही, ती वेळ आपली.

सोमवारी सकाळी मीटिंग गाठून देणारी आणि आठवडा संपताना घरी आणणारी विमानं सहसा महाग असतात. शनिवार किंवा आठवड्यातले मधले दिवस आणि दुपारच्या आडवेळा तुलनेनं बऱ्या. युएईनं जानेवारी 2022 पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार केली. त्यामुळे जुन्या सवयीनं 'शुक्रवारी तिकडे सुट्टी असते' असा हिशोब आता धरू नका. दिवाळी, ईद आणि शाळांच्या सुट्ट्यांत मात्र हे ठोकताळे चालत नाहीत.

शोधताना या चार गोष्टी करून बघा :

1. गूगल फ्लाइट्सवर 'बिझनेस' निवडा आणि एकच तारीख न टाकता कॅलेंडर उघडा. एका दिवसाच्या फरकानं भाडं किती बदलतं ते लगेच दिसतं. किमतीवर नजर ठेवणारा अलर्टही लावता येतो.

2. दोघांचं तिकीट हवं असेल तरी आधी एकाच प्रवाशासाठी शोधा. स्वस्त गटात एकच सीट उरली असेल तर अनेकदा दोघांनाही पुढच्या महाग गटाचा भाव लागतो. एकट्याचा भाव कमी दिसला, तर दोन वेगळी बुकिंग करून पैसे वाचतात. पण मग विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली, तर दोन्ही बुकिंग वेगवेगळी सांभाळावी लागतात.

3. जाता-येता दोन्ही वेळा बिझनेस हवंच असं नाही. रात्रीच्या विमानानं परत यायचं असेल तर फक्त तेवढाच टप्पा बिझनेसचा घेऊन एकूण भाडं किती होतं ते बघा.

4. इकॉनॉमीचं तिकीट काढून नंतर अपग्रेडची वाट बघा. अनेक कंपन्या उड्डाणाच्या आधी ईमेल पाठवून अपग्रेडसाठी बोली लावायला सांगतात. सीट रिकाम्या असतील तर चेक-इनच्या वेळीही पैसे भरून अपग्रेड मिळू शकतं. मात्र खात्री कशाचीच नसते. आई-बाबांसाठी आरामाची सीट हवीच असेल, तर यावर विसंबून राहू नका.

थांबा, सीट नेमकी कशी आहे?

'बिझनेस क्लास' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. युरोपातल्या छोट्या मार्गांवर तर बऱ्याच कंपन्यांचा बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीसारखीच तीन सीटची रांग आणि मधली सीट रिकामी. पाय ठेवायला जास्त जागा मिळेलच असं नाही.

भारतातून आखाती देशांत जाणाऱ्या छोट्या विमानांत सहसा मागे झुकणारी रुंद खुर्ची असते. मोठ्या विमानात पूर्ण आडवी होणारी सीट मिळू शकते. एमिरेट्सच्या ए380 मध्ये बिझनेसच्या प्रत्येक प्रवाशाला थेट वाटेवर उतरता येतं. त्यांच्याच अनेक जुन्या बोईंग 777 मध्ये मात्र 2-3-2 अशी रांग आहे, म्हणजे बिझनेसचे पैसे भरूनही एखादा प्रवासी मधल्या सीटवर अडकतो. म्हणून पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार आणि सीटचा नकाशा बघाच.

छोट्या मार्गावर मोठं विमान मिळण्याची आणखी एक वाट आहे. 1944 च्या शिकागो परिषदेतून विमानसेवांची 'स्वातंत्र्यं' ठरली. त्यातल्या पाचव्या स्वातंत्र्यानुसार, संबंधित देशांची परवानगी असेल तर एखादी कंपनी दोन परक्या देशांमध्येही प्रवासी नेऊ शकते. बँकॉक ते हाँगकाँग किंवा सिडनी ते ख्राइस्टचर्च हे प्रवास याच नियमामुळे एमिरेट्सनं करता येतात. दुबईहून आलेलं लांब पल्ल्याचं विमानच पुढे जातं, त्यामुळे तीन तासांच्या आसपासच्या प्रवासात आडवी होणारी सीट मिळू शकते. अशा मार्गांवर भाडंही तपासून बघण्यासारखं असतं.

स्वस्तात काय काय कापलंय?

एमिरेट्सनं 2019 मध्ये 'स्पेशल' नावाचं बिझनेस भाडं आणलं. सीट आणि जेवण तेच, पण लाउंज आणि घरून ने-आण करणारी गाडी वगळलेली. त्यामुळे फक्त 'बिझनेस' हा शब्द वाचून तिकीट काढू नका. सामान किती, लाउंज आहे का, तारीख बदलायला किती पैसे आणि रद्द केल्यावर परत काय मिळणार, हे चारही बघा.

करही वाढलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून बिझनेस क्लासवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. इकॉनॉमीवर तो 5 टक्केच आहे. त्यामुळे तुलना करताना कर धरून येणारा शेवटचा आकडाच बघा.

खरा हिशोब तासाचा

समजा, इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट 22,000 रुपये आहे. जास्तीचं सामान आणि पुढची सीट यांचे 8,000 धरले तर झाले 30,000. बिझनेस मिळतंय 54,000 ला. म्हणजे फरक 24,000 रुपयांचा. दोन्ही वेळचे मिळून विमानात सहा तास, म्हणजे आरामाचा भाव पडला तासाला 4,000 रुपये. आता घरात विचारा, हा भाव परवडतो का? कधी उत्तर 'हो' येईल, कधी 'त्यापेक्षा नातवंडांना काहीतरी घेऊ'.

एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. फक्त व्हीलचेअर मिळावी म्हणून बिझनेसचं तिकीट काढायची गरज नाही. चालायला खरोखर त्रास असलेल्या प्रवाशाला ही मदत इकॉनॉमीतही मिळते. त्यासाठी 48 तास आधी विमान कंपनीला कळवून ठेवा.

फसवणूक आणि तुमचा हक्क

सोशल मीडियावर 'बिझनेस क्लास निम्म्या किमतीत' अशा जाहिराती दिसतात. काही सरळ फसवणूक असते, तर काही ठिकाणी दुसऱ्याचे माइल्स विकत घेऊन तिकीट काढलेलं असतं. माइल्सची अशी विक्री बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही आणि सापडल्यास तिकीट रद्द होऊ शकतं. तेव्हा विमानतळावर अडकतो तो प्रवासी. स्वतःच्या क्रेडिट कार्डचे पॉइंट्स माइल्समध्ये बदलून तिकीट काढणं मात्र रीतसर आहे. फक्त पॉइंट्स मिळवण्यासाठी कार्डवर उधारी वाढवू नका, व्याजात सगळी बचत निघून जाते.

आणि बिझनेसचं तिकीट असून कंपनीनं तुमच्या मनाविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर? डीजीसीएच्या 15 फेब्रुवारी 2023 पासूनच्या नियमानुसार, आंतरराष्ट्रीय प्रवासात करासह तिकिटाच्या रकमेचा ठरावीक भाग परत मिळतो. 1,500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 1,500 ते 3,500 किलोमीटरला 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. मुंबई-दुबई अंतर दोन हजार किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे निम्मे पैसे. काउंटरवर 'सीट नाहीये, ॲडजस्ट करा' असं ऐकून मुकाट मागे जाऊन बसायच्या आधी हा नियम आठवा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

थोडक्यात, आधी तारीख सैल ठेवा, मग विमान बघा आणि शेवटी तासाचा भाव काढा. एवढं करूनही आकडा खिशाला जड वाटला, तर इकॉनॉमीत वाटेलगतची सीट, वेळेवर सांगून ठेवलेली व्हीलचेअर आणि विमानतळावर घ्यायला आलेला मुलगा, एवढ्यावरही आई-बाबांचा प्रवास सुखाचा होतो.