बेडूक समुद्रात कसा गेला?

जैवविविधतेच्या नोंदी सर्वांना मोफत खुल्या करणारी ‘जीबीआयएफ’ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा २००१ साली सुरू झाली. तिचे सचिवालय कोपनहेगनला आहे. संग्रहालयातला वाळवलेला नमुना असो की आंबोलीत टिपलेले नीलवंत फुलपाखरू, नोंद ‘डार्विन कोअर’ या साच्यात बसवतात: शास्त्रीय नाव, तारीख, अक्षांश-रेखांश, पुरावा. साचा रूक्ष खरा, पण त्यामुळेच शंभर वर्षांपूर्वीची चिठ्ठी आणि आजचा मोबाइल फोटो एकाच नकाशावर येतात. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांत चुकून शून्य पडले, की सह्याद्रीतला बेडूक थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात! संगणक अशा नोंदीवर खूण करतो. दुरुस्ती मात्र माहिती पुरवणाऱ्यानेच करायची. प्रत्येक माहितीसंचाला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो, म्हणून शोधनिबंधात त्याचा हवाला देता येतो आणि रानोमाळ हिंडणाऱ्यांचे श्रेय बुडत नाही.