हौशीपणाचा नियम आणि परदेशगमन

मराठवाड्यातील जत्रांत कुस्ती जिंकणारा तरुण मल्ल उघडपणे इनाम स्वीकारतो. अमेरिकेतील होतकरू बास्केटबॉलपटूस मात्र कौशल्याचे मोल मिळविण्यात दुहेरी अडसर होता. ड्राफ्ट या वार्षिक निवडीतून व्यावसायिक संघांत प्रवेश मिळतो. त्यासाठी २००६ पासून वयाची १९ वर्षे व शालेय शिक्षणानंतर एक वर्ष लोटणे आवश्यक ठरले. विद्यापीठीय खेळात तर वेतन निषिद्धच होते. ही कोंडी २००८ साली ब्रँडन जेनिंग्ज याने रोमच्या संघाशी करार करून फोडली. पुढील वर्षी तो १० व्या क्रमांकावर निवडला गेला. २००९ साली हैफा येथे गेलेल्या जेरेमी टायलर यास मात्र २०११ मध्ये ३९ वा क्रमांक मिळाला. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि ही वाट बरीचशी ओस पडली. सारांश, या परदेशगमनाचे मूळ स्वदेशीच्या नियमांत होते.