चिपसेट ड्रायव्हर : ओळख आणि स्थापना

अडचणीचे मूळ
भंडारा जिल्ह्यातील बपेरा हे तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. अशा गावांत असेंबल केलेला संगणक वर्षानुवर्षे वापरात राहतो. त्यावर विंडोज नव्याने टाकली की 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ड्रायव्हर नसलेल्या घटकांपुढे पिवळी चिन्हे उमटतात आणि कधी नेटही बंद पडते. ड्रायव्हर मात्र नेटवरूनच उतरवायचा असतो.

चिपसेट म्हणजे काय
प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि यूएसबी यांच्यातील दळणवळण सांभाळणारा मदरबोर्डवरील चिपांचा संच म्हणजे चिपसेट. इंटेलच्या जी३१ चिपसेटच्या बोर्डावर दोन चिपा असत : मेमरीसाठी नॉर्थब्रिज, डिस्क व यूएसबीसाठी साउथब्रिज. पुढे नॉर्थब्रिजचे काम प्रोसेसरमध्येच सामावले आणि बोर्डावर एकच चिप उरली.

ड्रायव्हरचे कार्य
इंटेलच्या चिपसेट पॅकेजमध्ये मुख्यतः आयएनएफ फाइली असतात. कोणत्या घटकाचे नाव काय, एवढेच त्या विंडोजला सांगतात. त्यांपैकी अनेकींवर १८ जुलै १९६८ ही इंटेलच्या स्थापनेची तारीख असते. ती चूक नव्हे. अधिक योग्य ड्रायव्हर आधीच बसलेला असल्यास या फाइलींनी त्याची जागा घेऊ नये, म्हणून ती मुद्दाम जुनी ठेवलेली असते. एएमडीच्या पॅकेजमध्ये मात्र प्रत्यक्ष ड्रायव्हरही असतात.

अचूक ओळख
कॅबिनेटवरील नावावरून बोर्ड कळत नाही. मॉडेल बोर्डावरच छापलेले असते; 'सिस्टम इन्फॉर्मेशन'मध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीतही बहुधा मिळते. तेही न मिळाल्यास अनोळखी घटकाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' पाहावे. तेथील पहिला संकेतांक निर्मात्याचा असतो : ८०८६ इंटेलचा, १०२२ एएमडीचा. दुसरा प्रत्यक्ष घटकाचा. 'एसएम बस कंट्रोलर'पुढे ८०८६ आणि २७डीए दिसले, तर साउथब्रिज आयसीएच७ मालिकेतला आहे. जी३१ बोर्डांवर सहसा हाच आढळतो.

स्थापनेचा क्रम
बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नेमके मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती निवडावी. आधी चिपसेट, मग नेटवर्क, ध्वनी आणि ग्राफिक्स हा क्रम सोयीचा. चिपसेटनंतर संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज पुसण्यापूर्वीच नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवणे ही यातली सर्वांत मोलाची खबरदारी. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी त्रयस्थ सॉफ्टवेअर टाळलेली बरी. चुकीच्या आवृत्तीसोबत ती नको असलेले प्रोग्रामही आणू शकतात.

मर्यादा
या ड्रायव्हरने जुना संगणक वेगवान होत नाही. विंडोजची आवृत्ती आणि चिपसेट यांचा मेळही आवश्यक असतो. इंटेलच्या १०० मालिकेतील चिपसेटमधून यूएसबीचा जुना नियंत्रक काढून टाकला गेला आणि नव्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये नव्हता. त्यामुळे अशा बोर्डांवर ती टाकताना यूएसबीचे कीबोर्ड व माउस बंद पडत. लिनक्समध्ये बहुतेक चिपसेटचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. तेथे ही स्थापना सहसा वेगळी करावी लागत नाही.