पर्यटन आणि इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स : घरचा होमस्टे असताना पदवी कशाला?

सिंधुदुर्ग : बी.ए., बी.कॉम. झालं, घरी चार खोल्यांचा होमस्टे आहे नाहीतर काकांची बोट आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "पर्यटनात मास्टर्स करायचंय." घरचे विचारतात, "पाहुण्यांना मासे वाढायला एमबीए कशाला लागतं?" प्रश्न रास्त आहे, कारण यात दोन वर्षं जातात आणि फीचे पैसेही. पाहुणचार शिकायला पदवी लागत नाही. हिशेब, कागदपत्रं आणि गर्दीची सुरक्षा या तीन गोष्टींसाठी मात्र ती कामाला येऊ शकते.

सिंधुदुर्ग हा 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन याच जिल्ह्यातले. म्हणजे माणसं येणार. त्यांच्या येण्यातून गावात किती पैसा राहणार, हा खरा मुद्दा आहे.

हिशेब कसा बदलतो?

समजा, चार खोल्या आहेत आणि भाडं रात्रीला 2,000 रुपये. पावसाळा सोडला तर साधारण 35 आठवडे मिळतात. फक्त शनिवार-रविवार भरले तर 70 रात्री, म्हणजे 5 लाख 60 हजार रुपये. सगळं बुकिंग ॲपवरून आलं आणि कमिशन 20 टक्के धरलं, तर 1 लाख 12 हजार तिथंच गेले. उरलेल्यातून लाईटबिल, कामगार, डागडुजी, कर्जाचा हप्ता.

आता आठवड्यातली मधली एकच रात्र जास्त भरली, तर वर्षाला 2 लाख 80 हजारांची भर पडते. ती रात्र कशी भरायची? शाळांच्या सहली, कंपन्यांच्या बैठका, मधल्या वारांचा वेगळा दर, जुन्या पाहुण्यांचं थेट बुकिंग. एमबीएच्या वर्गात मार्केटिंग, दरनिश्चिती आणि वित्त या विषयांखाली हेच शिकवतात.

इव्हेंट म्हणजे लग्नाचा मांडव एवढंच का?

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पाहा. तारीख दरवर्षी वेगळी, देवीचा कौल मिळाल्यावर ठरते. मग थोडक्या दिवसांत जादा रेल्वेगाड्या, एसटी, पार्किंग, पाणी, दर्शनाच्या रांगा हे सगळं उभं राहतं. इव्हेंट मॅनेजमेंटचा अर्धा अभ्यासक्रम इथं डोळ्यांसमोर घडतो. फरक इतकाच, की गावात तो जाणत्यांच्या डोक्यात असतो. अभ्यासक्रमात तो कागदावर मांडायला शिकवतात: किती माणसं, किती वाटा, रुग्णवाहिका कुठून निघणार, कोणाची परवानगी, विमा कोणाचा, लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद कोण करणार.

यात कुचराई झाली तर काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. जानेवारी 2005 मध्ये वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त भाविकांचा जीव गेला. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2014 मध्ये गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे. पदवी घेणार नसाल तरी जत्रा समितीनं ती वाचायला हरकत नाही.

कुठं शिकता येतं?

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था 1983 पासून आहे. मुख्यालय ग्वाल्हेरला, गोव्यातही केंद्र आहे. तिचं पर्यटनातलं एमबीए दोन वर्षांचं. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, मात्र गुणांची अट आणि प्रवेश प्रक्रिया असते. कोणत्या केंद्रात कोणता अभ्यासक्रम आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्यावं.

घरचा धंदा सोडून जाता येत नसेल, तर इग्नूचा पर्यटनातला मास्टर्स अभ्यासक्रम दूरशिक्षणानं करता येतो. किमान दोन, कमाल चार वर्षं. सीझनमध्ये काम आणि पावसाळ्यात अभ्यास, असं जमवता येतं.

फी भरण्याआधी हे विचारा

• पदवी कोणत्या विद्यापीठाची? ते यूजीसीच्या यादीत आहे का? पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता आहे का? चकचकीत ऑफिस असलेल्या खासगी क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे.

• इंटर्नशिप किती आठवड्यांची, कुठं आणि मानधन मिळतं का? मागच्या दोन बॅचचे विद्यार्थी सध्या काय करतात? त्यांच्यापैकी दोघांशी स्वतः बोला.

• वसतिगृह, मेस, प्रवास धरून एकूण खर्च किती?

• कॉलेज आणि अभ्यासक्रम महाडीबीटीवर आहे का? नसेल तर त्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळणार नाही.

• कर्ज लागणार असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. 7.5 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेत तारण लागत नाही. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं, हे विसरू नका.

कोणी करावं, कोणी थांबावं?

ट्रॅव्हल कंपनी, हॉटेल, कॉन्फरन्सचं आयोजन अशा नोकरीकडं जायचंय, किंवा घरचा धंदा चार खोल्यांवरून पुढं न्यायचाय, त्यांना ही पदवी उपयोगी पडेल. सुरुवातीचा पगार बेताचा असू शकतो आणि सणासुदीला सुट्टी नसते, ही तयारी हवी. केवळ सरकारी नोकरीच्या आशेनं करणार असाल, तर आधी त्या पदांची पात्रता तपासा.

मन ठरत नसेल, तर एक सीझन घरच्याच होमस्टेचं जमाखर्चाचं वहीखातं रोजच्या रोज लिहून पाहावं. त्यात गोडी लागली तर पुढची दोन वर्षं वाया जाणार नाहीत. कंटाळा आला, तर फी वाचली.