कुंडिनपूरचा माधव आणि करालेचे स्मशान
(प्राचीन साहित्यातील स्मशानसाधना : लेखांक ६)

माधव हा कुंडिनपूरचा. विदर्भराजाचा अमात्य देवरात याने आपल्या या मुलाला न्यायशास्त्र शिकण्यासाठी दूर पद्मावती नगरीत पाठवले. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणाचा तो नायक. विद्वान, देखणा, कुलीन असा हा तरुण पाचव्या अंकात रात्रीच्या वेळी स्मशानात उभा राहून भुतांना माणसाचे मांस विकायला काढतो. संस्कृत नाटकाच्या नायकाला इतक्या अंधाऱ्या जागी नेण्याचे धाडस भवभूतीनेच करावे.

कुंडिनपूर म्हणजे आजचे कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले वर्धाकाठचे गाव. वऱ्हाडात ते रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते आणि तिची पालखी दरवर्षी आषाढीला तेथून पंढरपूरला जाते. १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले आणि पांढरीच्या टेकाडाखाली प्राचीन वस्तीचे थर सापडले. भवभूती स्वतःही विदर्भाचाच. नाटकांच्या प्रस्तावनेत तो आपले गाव पद्मपूर असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर असल्याचे दाखवले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला होता, असे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून कळते. माधव ज्या पद्मावतीत शिकायला जातो, ते सिंधू आणि पारा या नद्यांच्या संगमावरचे नगर म्हणजे ग्वाल्हेर जिल्ह्यातील पवाया. विदर्भातून उत्तरेकडे गेलेल्या कवीने आपल्या नायकालाही विदर्भातूनच उत्तरेकडे पाठवले, याकडे वऱ्हाडी वाचकाचे लक्ष जाणारच.

देवरात आणि पद्मावतीचा अमात्य भूरिवसू हे विद्यार्थिदशेतले मित्र. आपल्या मुलांचे लग्न एकमेकांशी लावायचे, असे वचन त्यांनी सहाध्यायी कामंदकी हिच्या समक्ष दिलेले. पुढे कामंदकी बौद्ध भिक्षुणी झाली आणि वचन पुरे करण्याचे काम तिने अंगावर घेतले. मदनोत्सवात माधवाने भूरिवसूची मुलगी मालती पाहिली आणि दोघांची मने जुळली. मात्र राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी हवी होती आणि भूरिवसूला राजाला उघड नकार देता येईना. चौथ्या अंकात मालतीचे लग्न नंदनाशी ठरल्याची बातमी येते. माधवाचे सगळे आधार एकदम सुटतात आणि आता महामांस विकण्याखेरीज दुसरा उपाय नाही, या निश्चयाला तो येतो.

महामांस म्हणजे माणसाचे मांस. साधकाने रात्री ते स्मशानात न्यायचे, हाक देऊन भूतवेताळांपुढे विकायला ठेवायचे आणि मोबदल्यात इच्छित वर मागायचा, अशी ही कल्पना. ती भवभूतीने रचलेली नाही. बाणाच्या ‘हर्षचरिता’त प्रभाकरवर्धन राजा मरणाच्या दारी असताना त्याच्या प्राणांसाठी महामांस विकायला निघालेली माणसे दिसतात. त्याच ग्रंथात भैरवाचार्य प्रेताच्या छातीवर बसून प्रेताच्याच तोंडात होम करतो आणि पुष्पभूती राजा तलवार घेऊन त्याच्या रक्षणाला उभा राहतो. ‘कथासरित्सागरा’तला अशोकदत्तही महामांसाचा सौदा करतो. गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन भिक्षूला दिलेल्या शब्दापोटी प्रेत खांद्यावर वाहतो, तेही याच ग्रंथात. राजा शब्दाने बांधलेला असतो, भैरवाचार्य सिद्धीसाठी साधना करतो. माधवाला यातले काहीच लागू नाही. त्याला सिद्धी नको, गुरू नाही, दीक्षा नाही. केवळ निरुपाय त्याला येथवर आणतो.

हा विसंवाद भवभूती एका शत्रुपक्षाच्या बाईच्या नजरेतून दाखवतो. पाचव्या अंकाच्या आरंभी कापालिक अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला आकाशमार्गाने येते. खाली स्मशानात तिला एक तरुण दिसतो. निळ्या कमळाच्या पाकळीसारखा सावळा, पण अंग धुरकटून गेलेले. चाल डौलदार, चेहरा चंद्रासारखा. आणि डाव्या हातात लोंबते नरमांस, त्यातून चिखलासारखे रक्त ठिबकते आहे. त्याच्या ठायीचा सारा विनय तो एक हात हिरावून नेतो, असे तिला वाटते. रात्रंदिवस स्मशानात वावरणाऱ्या बाईच्या डोळ्यालाही हा माणूस येथला नाही हे कळते. माधवाच्या मनात तर त्या क्षणीही मालतीच कोरून बसवल्यासारखी असते. हातात मांस आणि मनात मालती, असा तो रंगमंचावर येतो.

मग तो हाक देतो आणि सारे स्मशान उसळते. तोंडातून ज्वाळा निघणारी पिशाचे धावतात, वेताळांचा कल्लोळ होतो. आतड्यांची मंगलसूत्रे, स्त्रियांच्या तुटलेल्या हातांची कर्णभूषणे आणि काळजांच्या माळा घालून पिशाचिणी आपल्या प्रियकरांबरोबर कवट्यांतून मज्जा पितात. एक हपापलेले भूत प्रेत मांडीवर घेऊन आधी कातडी सोलते, खांदे, कुल्ले, पाठ यांवरचे सडलेले मांस खाते आणि मग सांध्यांतले, हाडांच्या बेचक्यांतले मांसही सावकाश कोरून खात राहते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून हाच श्लोक निवडला. किळस येण्यासाठी घाण पदार्थांची यादी पुरत नाही. ‘सावकाश’ खाण्याचा तपशील लागतो, आणि तो भवभूतीला अचूक सापडला आहे.

सौदा मात्र होत नाही. माधव पुन्हा हाक देतो तेव्हा पिशाचे पळून जातात आणि त्यांच्या भित्रेपणाचे त्यालाच नवल वाटते. नाटकाचा सगळा कणा या ठिकाणी आहे. नायकाने अमंगळ मार्गावर पाऊल टाकले, पण त्या मार्गाने त्याला काहीच दिले नाही. तेवढ्यात कराला नावाच्या चामुंडेच्या देवळातून किंकाळी येते आणि तो आवाज त्याला ओळखीचा वाटतो. अघोरघंटाने मंत्रसाधना पुरी झाल्यावर चामुंडेला स्त्रीरत्न अर्पण करण्याचे ठरवलेले असते आणि गच्चीवर झोपलेली मालती उचलून आणलेली असते. बळीच्या वेषात ती मूर्तीपुढे उभी आहे, गुरुशिष्या देवीचे स्तवन करत आहेत. माधव तलवार घेऊन मध्ये पडतो. ज्यासाठी तो भुतांकडे आला होता ते त्याला स्वतःच्या हिमतीवर मिळते. पुढे अघोरघंट त्याच्या हातून मारला जातो आणि कपालकुंडला सूडाची प्रतिज्ञा करते.

असे साधक भवभूतीच्या काळी केवळ कल्पनेतले नव्हते. नाशिक जिल्ह्यातला एक ताम्रपट दुसऱ्या पुलकेशीचा पुतण्या नागवर्धन याच्या नावाचा आहे. कपालेश्वराची पूजा आणि तेथले महाव्रती यांच्यासाठी इगतपुरीजवळचे एक गाव दान दिल्याचे त्यात नोंदलेले आहे. महाव्रती म्हणजे कापालिकच. त्यांना राजाश्रय होता आणि गावाचे उत्पन्न होते. नाटकातला अघोरघंट हे त्या पंथाचे एका बाजूचे चित्र आहे.

दुसरी बाजूही भवभूतीने रंगवली आहे. मधल्या अंकांत माधवाचा मित्र मकरंद मालतीचा वेष घेऊन नंदनाची नवरी होतो. इकडे लग्नाआधीच्या पूजेसाठी नगरदेवतेच्या देवळात आलेली मालती तेथूनच माधवाबरोबर निघून जाते. अंबिकेच्या देवळातून गेलेल्या रुक्मिणीची येथे कौंडण्यपूरकरांना आठवण होईल. पण आठव्या अंकात कपालकुंडला मालतीला पळवून श्रीपर्वतावर, म्हणजे श्रीशैलावर, नेते. नवव्या अंकात माधव डोंगररानातून भ्रमिष्टासारखा फिरतो, मेघाला निरोप सांगतो. आता तो कोणत्याही स्मशानाकडे वळत नाही.

मालतीला सोडवते सौदामिनी. ही कामंदकीची जुनी शिष्या, पण श्रीपर्वतावर कापालिक व्रत घेऊन मंत्रसिद्धी मिळवलेली. गुरुसेवा, तप, तंत्र, मंत्र आणि योग यांतून आपल्याला लाभलेली आकर्षिणी सिद्धी ती माधवाच्या कामी लावते. कपालकुंडलेचा आणि हिचा पंथ एक, पर्वत एक, आकाशगमनाची शक्तीही एक. फरक आहे तो शक्ती कोणासाठी वापरली यात. माधवाने गुंफलेली मालतीची बकुळमाळ खूण म्हणून घेऊन सौदामिनी येते, तेव्हा तो प्राण सोडण्याच्या बेतात असतो. दहाव्या अंकात कामंदकी आणि भूरिवसू दोघेही मरणाला सिद्ध झालेले असताना मालती परत येते. राजा आणि नंदन यांची संमती कळते, मकरंदाला नंदनाची बहीण मदयंतिका मिळते, आणि देवरात व भूरिवसू यांनी विद्यार्थिदशेत दिलेले वचन कुंडिनपूरच्या मुलाच्या लग्नाने पुरे होते.